बेट झिजायला किती वर्षे लागतात? टँजिअर, पॉप्लर आणि सुर्ट्सी यांचे गणित

चेसापीक उपसागराच्या दक्षिण भागात, व्हर्जिनिया राज्याच्या हद्दीत, टँजिअर नावाचे एक लहानसे बेट आहे. मेरिलँडमधील क्रिसफील्ड बंदरातून बोटीने सुमारे १२ मैलांवर. वॉशिंग्टन किंवा बाल्टिमोर परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी काहींनी उन्हाळी सहलीत ते पाहिलेही असेल: जमिनीचे तीन अरुंद वरंबे, त्यांच्या मधोमध पसरलेले खाजण, खेकडे पकडणाऱ्यांच्या बोटी, अंगणातल्या कबरी. बेटावरची सर्वांत उंच जागाही भरतीच्या पाण्यापासून फारशी वर नाही. २०२० च्या जनगणनेत येथे ४३६ माणसे होती. २०१० मध्ये ७२७ होती.

या बेटाविषयी एक प्रश्न गेली काही दशके विचारला जातो आणि त्याचे उत्तर वर्षांत मागितले जाते. बेट आणखी किती वर्षे टिकेल? उत्तर ३० वर्षे असेल, तर कोट्यवधी डॉलरचा बांध बांधणे एका हिशेबात बसते. ८० वर्षे असेल, तर दुसऱ्या. २०१७ साली राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी बेटाचे महापौर जेम्स एस्क्रिज यांना दूरध्वनी केला होता. बेट शेकडो वर्षे टिकले आहे आणि आणखी शेकडो वर्षे टिकेल, असे त्यांनी सांगितल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलातील शास्त्रज्ञांनी मात्र त्याच्या दोनच वर्षे आधी अर्ध्या शतकाची मुदत वर्तवली होती. दोन उत्तरांतले हे अंतर राजकारणाचे आहे, असे म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण खुद्द शास्त्रीय पद्धतींनीसुद्धा एकाच बेटाचे आयुष्य ३० वर्षे, ८० वर्षे आणि अनंत अशी तीन वेगवेगळी उत्तरे देते. ते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे.

साधा भागाकार आणि त्याची फसगत

सर्वांत साधी रीत अशी: बेटाचे क्षेत्रफळ घ्यावे, दरवर्षी किती जमीन जाते ते पाहावे आणि भागाकार करावा. या रीतीत एक गृहीतक लपलेले असते. दरवर्षी जाणारी जमीन कायम तेवढीच राहील, असे ती मानते. प्रत्यक्षात समुद्र क्षेत्रफळ खात नाही, तो किनारा मागे ढकलतो. म्हणून झिजेचा मूळ वेग 'वर्षाला इतके मीटर' असा मोजावा लागतो, आणि क्षेत्रफळाचे काय होते हे बेटाच्या आकारावर अवलंबून राहते.

एक गोल बेट कल्पावे, क्षेत्रफळ १ चौरस किलोमीटर. त्याची त्रिज्या सुमारे ५६४ मीटर येते. किनारा चहूबाजूंनी वर्षाला २ मीटर मागे सरकत असेल, तर बेट संपायला ५६४ भागिले २, म्हणजे २८२ वर्षे लागतील. आता हेच गणित क्षेत्रफळावरून करू. पहिल्या वर्षी परिघाभोवतीची २ मीटर रुंदीची पट्टी जाते. तिचे क्षेत्रफळ सुमारे ०.७१ हेक्टर. १०० हेक्टरला ०.७१ ने भागले की येतात १४१ वर्षे. म्हणजे खऱ्या आयुष्याच्या बरोबर निम्मी. बेट लहान होते तसा परीघही आखडतो, त्यामुळे दरवर्षी जाणारी जमीन कमी कमी होत जाते. भागाकाराने ते विचारात घेतले नाही. गोल बेटाची निम्मी जमीन पहिल्या ८३ वर्षांतच जाते आणि उरलेली निम्मी जायला जवळजवळ २०० वर्षे लागतात.

याउलट लांबट, पट्टीसारखे बेट एकाच बाजूने झिजत असेल, तर साधा भागाकार बरोबर ठरतो. ४०० मीटर रुंदीची पट्टी वर्षाला २ मीटरने २०० वर्षांत संपेल आणि तिची लांबी फारशी बदलत नसल्याने दरसाल जाणारी जमीनही जवळपास सारखीच राहील.

गोष्ट खरी बिघडते ती बेटाचे तुकडे पडू लागल्यावर. वरच्या गोल बेटाचे समान क्षेत्रफळाचे चार गोल तुकडे झाले, तर एकूण जमीन तेवढीच राहील. मात्र प्रत्येकाची त्रिज्या निम्मी होईल आणि एकूण परीघ दुप्पट. आयुष्य २८२ वरून १४१ वर्षांवर येईल. बेटाच्या मधून वाहणारी एखादी खाडी रुंद होणे हे म्हणूनच किनारा दोन मीटर मागे जाण्यापेक्षा कितीतरी अधिक गंभीर लक्षण असते.

चेसापीकमधील पॉप्लर बेटाचे नेमके हेच झाले. १८४७ मध्ये ते १,१४० एकरांचे होते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्याचे विखुरलेले अवशेष मिळून जेमतेम ५ एकर उरले होते. साधारण १४३ वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला ८ एकर पडतात. पण ही सरासरी कोणत्याही एका दशकाचे खरे चित्र दाखवत नाही. पॉप्लरचे पुढे जे झाले ते अपवादात्मक आहे. १९९८ पासून बाल्टिमोर बंदराच्या जलमार्गातून उपसलेला गाळ तेथे टाकून अभियंता दल आणि मेरिलँडचे बंदर प्रशासन ते बेट नव्याने उभारत आहेत, आणि नियोजित आकार मूळ बेटापेक्षाही मोठा, १,७१५ एकर, आहे. या कामाला पैसा मिळाला त्यामागे बंदराची गरज होती, कारण उपसलेला गाळ कुठेतरी टाकावा लागतोच. तेथे माणसांची वस्ती वाचवायची नव्हती, हे टँजिअरचे रहिवासी कडवटपणे बोलून दाखवतात. आणि त्यात तथ्य आहे.

मोजायची रेषा कोणती?

भागाकाराच्या आधी मोजमाप येते, आणि बरेचसे वाद तेथेच असतात. किनारा म्हणजे नेमकी कोणती रेषा? ओहोटीची, भरतीची, की जेथून गवत-झाडोरा सुरू होतो ती? सपाट किनाऱ्यावर या रेषांमध्ये दहा-दहा मीटरांचे अंतर असू शकते. सहा तासांच्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रे वेगवेगळ्या वर्षांची म्हणून शेजारी ठेवली, तर बेट झिजल्याचा किंवा वाढल्याचा भास सहज निर्माण होतो.

अमेरिकेच्या किनाऱ्याबाबत एक मोठी सोय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सरकारी किनारा सर्वेक्षण विभागाने तपशीलवार नकाशे काढले. त्यानंतर हवाई छायाचित्रे आली, मग उपग्रह, आणि आता विमानातून लेझरने उंची मोजण्याची पद्धत. हे सर्व एकावर एक ठेवून, किनाऱ्याला काटकोनात ठरावीक अंतरावर रेषा आखतात आणि प्रत्येक रेषेवर किनारा कोणत्या वर्षी कुठे होता ते पाहतात. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने यासाठी मोफत संगणकप्रणालीही उपलब्ध करून दिली आहे. सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी अशा दोनच नोंदी धरून वेग काढता येतो, किंवा मधल्या सगळ्या नोंदींतून सरासरी रेषा काढता येते. दुसरी रीत अर्थातच अधिक विश्वासाची.

दीर्घ कालावधीचा फायदा येथे कळतो. जुन्या नकाशात १० मीटरची चूक असली तरी ती १०० वर्षांवर पसरते आणि वेगात वर्षाला फक्त १० सेंटिमीटरचा फरक पडतो. याउलट अलीकडच्या दोन छायाचित्रांतली अवघी ३ मीटरची चूक १० वर्षांच्या अंतरात वर्षाला ३० सेंटिमीटर एवढी होते. तोटाही तेवढाच आहे. शंभर वर्षांची सरासरी ही आजची स्थिती नव्हे. टँजिअरच्या पश्चिमेला, विमानांच्या धावपट्टीलगत, १९८९ साली दगडी बांध घालण्यात आला आणि तेथली झीज जवळपास थांबली. १८५० पासूनचा सरासरी वेग त्या बाजूला आज लावणे निरर्थक आहे. उत्तरेकडचा 'अपर्ड्स' हा निर्मनुष्य भाग मात्र उघडाच राहिला. तेथे पूर्वी वस्ती होती. २०१२ च्या सँडी वादळानंतर तिथल्या जुन्या कबरी किनाऱ्यावर उघड्या पडल्या. १८१४ मध्ये ब्रिटिशांनी बेटाच्या दक्षिण टोकाला फोर्ट अल्बियन हा तळ उभारला होता आणि मळ्यांतून पळून आलेल्या शेकडो गुलामांना तेथे आश्रय मिळाला होता. ती जागा आज पाण्याखाली आहे.

झीज वर्षभर सारखी होत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. खाजणाच्या कडेची झीज साधारणपणे लाटांच्या शक्तीच्या प्रमाणात असते आणि लाटांची शक्ती उघड्या पाण्यावरून वारा किती अंतर वाहत येतो त्यावर अवलंबून असते. चेसापीकमधील बेटांच्या पश्चिम कडा म्हणूनच आधी खचतात. एखादे वादळ एका रात्रीत अनेक वर्षांचे काम करून जाते आणि मग काही वर्षे काहीच घडत नाही. वेग सरासरीने सांगितला जातो, पण घर सरासरीने पडत नाही.

टँजिअरची दोन गणिते

अभियंता दलाच्या डेव्हिड शुल्टे आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१५ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात आला. त्यांच्या मोजणीनुसार १८५० ते २०१३ या काळात टँजिअर बेटसमूहाची ६६.७५ टक्के जमीन गेली होती. वाचकाला येथे कागद-पेन्सिल घेऊन बसता येईल. १६३ वर्षांत ६६.७५ टक्के, म्हणजे वर्षाला मूळ जमिनीच्या ०.४१ टक्के. उरले ३३.२५ टक्के. भागाकार केला की ८१ वर्षे, म्हणजे २०९४ साल. पण अभ्यासकांनी समुद्रपातळी मध्यम गतीने वाढेल असे धरून, उरलेल्या जमिनीचा बराचसा भाग ५० वर्षांत जाईल आणि गाव बहुधा सोडावे लागेल, असा निष्कर्ष काढला. ८१ आणि ५० यांच्यातला फरक समुद्राच्या वाढत्या पातळीचा आहे.

चेसापीकमध्ये पाणी दुहेरी कारणाने चढते. समुद्र वर येत आहे आणि त्याच वेळी जमीन खाली बसत आहे. हिमयुगात उत्तरेकडच्या प्रचंड बर्फाच्या भाराने तेथील भूकवच दबले आणि त्याच्या कडेचा हा प्रदेश उचलला गेला. बर्फ वितळल्यानंतर तो हजारो वर्षे हळूहळू पूर्ववत खाली येत आहे. दोन्ही मिळून पाणी विसाव्या शतकात सुमारे एक फूट चढले. जमीन जवळजवळ सपाट असेल, तर उभ्या दिशेतली ही थोडीशी वाढ आडव्या दिशेत फार मोठी होते. हजारात एक असा उतार असल्यास ४ मिलिमीटर चढलेले पाणी ४ मीटर आत येते.

वाळूच्या किनाऱ्यांसाठी पेर ब्रून या अभियंत्याने १९६२ मध्ये मांडलेला एक नियम आजही सर्रास वापरला जातो. पाणी जितके चढेल त्याच्या साधारण ५० ते १०० पट किनारा मागे जातो, असे त्याचे ढोबळ रूप आहे. ४ मिलिमीटरला २० ते ४० सेंटिमीटर. हा नियम वाळूच्या लांब, सरळ पुळणीसाठी आहे, आणि तेथेही त्यावर बरीच टीका झाली आहे. चिखल आणि गवताच्या बेटाला तो लावलेला दिसला, तर ते उत्तर बाजूला ठेवलेले बरे.

दुसरे गणित २०२१ चे. झेहाओ वू आणि शुल्टे यांनी 'फ्रंटिअर्स इन क्लायमेट'मध्ये बेटाचा किनारा सोडून गावाची कोरडी, राहण्याजोगी जमीन मोजली. १९६७ मध्ये ती ३२.८ हेक्टर होती, २०१९ मध्ये १२.५ हेक्टर. ५२ वर्षांत २०.३ हेक्टर गेली, वर्षाला ०.३९ हेक्टर. उरलेल्या १२.५ ला त्याने भागले की ३२ वर्षे येतात, म्हणजे २०५१ साल. अभ्यासातही पूर्ण जमीन पाणथळ होण्याचे वर्ष २०५१ असेच आले आहे. ही जमीन लाटांनी तोडून नेलेली नाही. ती जागच्या जागी खाजण झाली आहे. नकाशावर बेट दिसत राहते, पण घराच्या पायरीशी खारे पाणी येते, सांडपाण्याचे खड्डे निकामी होतात, हिरवळीच्या जागी खाजणातले गवत उगवते.

येथेच महापौर आणि शास्त्रज्ञ यांच्यातल्या मतभेदाचे मूळ सापडते. बेटावरच्या अनेकांचे म्हणणे असे की, त्रास धुपेचा आहे, समुद्र चढण्याचा नाही. भोवती बांध घाला, बेट वाचेल. पहिले गणित पाहिले तर त्यात बरेच तथ्य आहे: पश्चिमेच्या बांधाने ते सिद्धही केले. दुसरे गणित मात्र बांधाला जुमानत नाही. कडेचा दगड लाट अडवतो, खालून आणि खाड्यांतून चढणारे पाणी अडवत नाही. त्यासाठी वरंब्यांवर भर घालून जमीनच उंच करावी लागेल. २०२१ च्या अभ्यासात संपूर्ण संरक्षण आणि पुनर्बांधणीचा खर्च २५ ते ३५ कोटी डॉलर, आणि गावाचे स्थलांतर करण्याचा खर्च १० ते २० कोटी डॉलर धरला आहे. ४३६ रहिवाशांवर विभागले तर स्थलांतराचाच खर्च दरडोई सव्वादोन ते साडेचार लाख डॉलरच्या आसपास जातो.

जेथे झीज मंदावते

टँजिअरवरून सगळीच बेटे अपेक्षेपेक्षा लवकर संपतात असा ग्रह होईल. आइसलँडच्या दक्षिणेस सुमारे ३२ किलोमीटरवर असलेले सुर्ट्सी हे त्याचे उलट उदाहरण. १४ नोव्हेंबर १९६३ रोजी समुद्रतळातील ज्वालामुखीच्या उद्रेकातून ते वर आले. ५ जून १९६७ ला उद्रेक थांबला तेव्हा त्याचे क्षेत्रफळ २.७ चौरस किलोमीटर होते. जन्मापासून झीज मोजली गेली असे बेट जगात विरळाच.

या शतकाच्या आरंभी, २००२ मध्ये, सुर्ट्सी सुमारे १.४ चौरस किलोमीटर उरले होते. ३५ वर्षांत १.३ गेले, त्याच वेगाने उरलेले बेट २०४० च्या सुमारास संपायला हवे. पण २०१२ मध्ये ते १.३ भरले. दहा वर्षांत केवळ ०.१, म्हणजे वर्षाला १ हेक्टर. या नव्या वेगाने आणखी १३० वर्षे मिळतात. अर्थात १.४ आणि १.३ हे एका दशांशापर्यंतचे आकडे आहेत, आणि त्यांच्या पूर्णांकनातली चूक त्यांच्या फरकाएवढीच असू शकते. म्हणून १३० हा आकडा काटेकोर मानू नये. वेग मंदावला, एवढेच त्यातून खात्रीने निघते.

अशा वेळी घातांकी सूत्र वापरतात. दरवर्षी ठरावीक हेक्टर जाण्याऐवजी शिल्लक बेटाचा ठरावीक हिस्सा जातो, असे त्यात धरलेले असते, किरणोत्सारी पदार्थासारखे. पहिल्या ३५ वर्षांवरून सुर्ट्सीचा 'अर्धायुकाल' ३७ वर्षे येतो, पुढच्या दशकावरून ९० हून अधिक. म्हणजे झिजेचा हिस्सासुद्धा घटतो आहे. या सूत्राने बेट कधीच शून्य होत नाही. झीज अशीच मंदावत गेल्यास सुर्ट्सी अनेक शतके टिकेल, असा अंदाज त्यातून बांधला जातो.

सूत्राचे समर्थन मात्र खडकात आहे. समुद्राने आधी सुटी राख आणि दगडगोटे नेले. उद्रेकातच जन्मलेली सिर्टलिंगर आणि योल्निर ही शेजारची दोन बेटे निव्वळ अशा राखेची होती. ती काही महिन्यांत नाहीशी झाली. सुर्ट्सीवर १९६४ पासून लाव्हा वाहिला आणि राखेवर कठीण कवच बसले. तो बेसाल्टच, सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या कुळातला. शिवाय बेटाच्या पोटातील उष्णतेमुळे आणि पाण्यामुळे राखेचे रासायनिक रूपांतर होऊन तिचा घट्ट दगड बनत गेला. बाहेरची साल गेल्यावर हा गाभा लाटांसमोर येतो आणि वेग उतरतो. त्याच द्वीपसमूहातील, हजारो वर्षांपूर्वी अशाच रीतीने जन्मलेली इतर लहान बेटे आज अशा गाभ्यांच्याच रूपात उभी आहेत.

क्षेत्रफळाचा आकडा येथेही थोडी दिशाभूल करतो. दक्षिणेकडून निघालेला माल काही अंशी उत्तरेला साचून तेथे वाळूचे टोक तयार झाले आहे. एका बाजूची तूट दुसरीकडे जमेला धरली जाते. ते टोक सुटे आहे आणि वादळागणिक आकार बदलते. खडकाच्या हिशेबात त्याला फारशी किंमत नाही.

टँजिअरला असा गाभा नाही. तेथे खाली वाळू, गाळ आणि खाजणातली कुजलेली मुळे एवढेच आहे, त्यामुळे घातांकी सूत्राचे सौम्य उत्तर त्या बेटाला लावता येत नाही. २०१९ च्या १२.५ हेक्टरांना ते लावले तर २०५१ मध्ये जवळपास ७ हेक्टर कोरडी जमीन उरेल असे दिसते. पण वेग का मंदावावा, याचे कोणतेही भौतिक कारण तेथे सापडत नाही.

एक आकडा मात्र जमिनीच्या गणितात येतच नाही. मेरिलँडच्या हद्दीतील हॉलंड बेटावर १९१० च्या सुमारास साडेतीनशेच्या आसपास लोक होते. १९२० च्या दशकाच्या आरंभापर्यंत जवळजवळ सर्वांनी ते सोडले. काहींनी घरे सोडवून बोटींवर लादून मुख्य भूमीवर नेली. त्या बेटावरचे अखेरचे घर कोसळले ऑक्टोबर २०१० मध्ये. म्हणजे वस्ती संपल्यावरही घर जवळजवळ ९० वर्षे उभे होते. शाळा चालवायला पुरेशी मुले, दुकान चालायला पुरेशी गिऱ्हाइके आणि बोट सुटायला पुरेसे प्रवासी लागतात. ती संख्या जमिनीच्या आधी संपते. टँजिअरची लोकसंख्या २०१० ते २०२० या एका दशकात २९१ ने घटली. याच वेगाने साधा भागाकार केला, तर उत्तर २०३५ येते.